टर्मिनलवरील ग्रंथवाचन आणि ‘साधा मजकूर’

ग्रंथाचा आत्मा त्यांतील शब्दांत असतो. कागद, टंक, बांधणी, समास हीं सर्व त्याचीं वस्त्रें होत, असें एक मत सुशिक्षितांमध्यें फार दिवस रूढ आहे. याच्या उलट, ग्रंथाचें रूप आणि त्याचा आशय हीं एकमेकांपासून वेगळीं काढतांच येत नाहींत, असेंही प्रतिपादन करणारे लोक आहेत. आजवर हा वाद बहुधा तर्कावरच चालत आला. कारण वस्त्रें खरोखर उतरवून ग्रंथ वाचून पाहण्याची सोय सामान्य वाचकाला नव्हती. संगणकाच्या टर्मिनलमध्यें ई-पुस्तकें वाचण्याची जी पद्धति कांहीं रसिकांनीं आवडीनें स्वीकारली आहे, तिनें ही सोय करून दिली आहे. तिचे अनुयायी थोडे आहेत. परंतु तिच्या निमित्तानें निघणारा प्रश्न थोड्यांचा नाहीं, आणि मराठी वाचकाला तर तो अगदीं जिव्हाळ्याचा आहे. म्हणून येथें तिचा जरा सविस्तर विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम ही पद्धति काय आहे तें सांगितलें पाहिजे. ज्या खिडकींत चित्रें नाहींत, बटणें नाहींत, केवळ अक्षरें आहेत, आणि जेथें संगणकाला कळफलकावरून लेखी आज्ञा द्यावयाची असते, ती खिडकी म्हणजे टर्मिनल. ई-पुस्तकांचें सर्वांत प्रचलित असें खुलें स्वरूप म्हणजे ‘ईपब’. त्याला २००७ सालीं प्रमाण म्हणून मान्यता मिळाली. बाहेरून तें एकसंध वाटलें तरी आंत तें एक गांठोडें असतें: प्रकरणांच्या मजकुराच्या फायली, त्या कशा दिसाव्यात याचे नियम, चित्रें, आणि सर्वांचा क्रम सांगणारी यादी. मजकुराच्या फायलींत ‘हें शीर्षक’, ‘हा परिच्छेद’, ‘या शब्दावर जोर’ अशा खुणा केलेल्या असतात. टर्मिनलमधील वाचक-प्रोग्रॅम हें गांठोडें सोडतो, दिसण्याविषयींचे बहुतेक नियम बाजूला ठेवतो, खुणा मात्र पाळतो, आणि मजकुराच्या ठराविक रुंदीच्या ओळी पाडून त्या पडद्यावर मांडतो. जॉन मॅक्फार्लेन या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकानें २००६ सालीं लोकांपुढें ठेवलेला ‘पँडॉक’ हा प्रोग्रॅम संबंध पुस्तकाचा असा मजकूर करून देतो; तो मग ‘लेस’ नांवाच्या जुन्या प्रोग्रॅमांत पानापानानें वाचतां येतो. रिकाम्या जागेची कळ दाबली कीं पान उलटतें. तिरपी रेघ देऊन शब्द लिहिला कीं तो शब्द ग्रंथांत असेल तेथें वाचक जाऊन पोंचतो. एवढाच काय तो सरंजाम.

या खिडकीचा जन्म वाङ्मयसेवेसाठीं झाला नाहीं हें खरें. पण तिचें आणि मजकुराचें नातें समजतात त्याहून जुनें आहे. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत यूनिक्स ही संगणक-प्रणाली निर्माण करणाऱ्या मंडळींना नवें यंत्र मिळालें तें मजकूर जुळवण्याची व्यवस्था करून देण्याच्या आश्वासनावर. आणि १९७१ सालीं तेथील पेटंट-खातें त्या व्यवस्थेचें पहिलें गिऱ्हाईक ठरलें. त्याच वर्षीं ४ जुलै रोजीं इलिनॉय विद्यापीठांत मायकेल हार्ट यांनीं अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा संगणकावर उतरविला. ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’ या विख्यात ग्रंथभांडाराचा आरंभ येथून मानला जातो. तो जाहीरनामा सबंध मोठ्या लिपींत होता, कारण त्या यंत्राजवळ इंग्रजीचीं लहान अक्षरेंच नव्हतीं. पुढें हार्ट यांनीं सर्व ग्रंथ ‘आस्की’ या १९६३ सालच्या संहितेंतील साध्या मजकुरांत ठेवण्याचें धोरण सांभाळलें. या संहितेंत चिन्हांना एकशें अठ्ठावीस स्थानें असून त्यांपैकीं पंच्याण्णवच छापण्याजोगीं आहेत. ओळीची लांबीही अशीच यंत्राकडून आलेली. १९२८ सालच्या आय. बी. एम. च्या छिद्रपत्रावर ऐशीं स्तंभ होते. १९७८ सालच्या ‘व्हीटी-१००’ या टर्मिनलवर ऐशीं घरांच्या चोवीस ओळी मावत. आणि आजही टर्मिनलची खिडकी उघडली कीं ती बहुधा याच मापाची उघडते.

या इतिहासांतील एक गोष्ट पुढील विवेचनासाठीं ध्यानांत धरावी. ज्या साधेपणाचा आज गौरव होतो तो मूळचा कोणी विचारपूर्वक पत्करलेला नव्हता. ती यंत्राची गरिबी होती, आणि तिचें व्रत मागाहून झालें.

व्रत झालें म्हणून त्यांतील पुण्य मात्र खोटें ठरत नाहीं. या पद्धतीचे अभिमानी जीं कारणें सांगतात त्यांपैकीं तीन आम्हांस सबळ वाटतात. पहिलें एकाग्रतेचें. टर्मिनलमध्यें ग्रंथाच्या कडेनें जाहिरात चमकत नाहीं, निरोप येऊन डोकावत नाहीं, आणि अमुक वाक्य किती जणांनीं अधोरेखित केलें हें कोणी न विचारतां सांगत नाहीं. दुसरें टिकाऊपणाचें. हार्ट यांच्या काळचा मजकूर वाचावयास आज कोणत्याही विशिष्ट दुकानाची परवानगी किंवा विशिष्ट यंत्र लागत नाहीं. याउलट मागाहून निघालेलीं कित्येक सजलेलीं स्वरूपें आपापल्या यंत्रांबरोबर अस्तास गेलीं. तिसरें कारण याहून वजनदार आहे, आणि डोळस वाचकाला तें सहसा सुचत नाहीं. अंध वाचकापुढें ग्रंथ येतो तो ओळीओळीनें: उच्चारयंत्राच्या वाणींतून, अथवा बोटांखालीं उठणाऱ्या ब्रेल-पट्टीवरून. या पट्ट्या बहुधा चाळीस किंवा ऐशीं घरांच्या असतात. लिनक्सच्या टर्मिनलवरील मजकूर अशा पट्टीवर आणणारा ‘बीआरएलटीटीवाय’ हा प्रोग्रॅम १९९५ पासून चालू आहे. जो मजकूर टर्मिनलमध्यें नीट उतरतो तो या वाचकाच्या हातीं सहसा सुखरूप पोंचतो. डोळस रसिकाची जी हौस ती येथें दुसऱ्याची गरज आहे, आणि म्हणून या विषयाकडे नुसत्या छंदाच्या दृष्टीनें पाहणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

आतां प्रस्तुत प्रश्नाकडे वळूं. वस्त्रें उतरल्यावर ग्रंथाचें काय उरतें? सरळ कथन करणारें गद्य जवळजवळ संपूर्ण उरतें. एकोणिसाव्या शतकांतील इंग्रजी कादंबरी टर्मिनलमध्यें वाचतांना आरंभींचीं दहा-बारा पानें परकेपणा जाणवतो, आणि मग वाचक कथेंत शिरला कीं पडदा दिसेनासा होतो. ओळ मात्र पुरी ऐशीं अक्षरांची ठेवूं नये. मुद्रणशास्त्रावरील प्रसिद्ध ग्रंथांत रॉबर्ट ब्रिंगहर्स्ट यांनीं सहासष्ट अक्षरांची ओळ आदर्श मानली आहे, आणि कोणत्याही चांगल्या वाचक-प्रोग्रॅमला तेवढी रुंदी आंखून देतां येते.

पद्याची स्थिति तर कित्येकदां सुधारते. मिल्टनची दहा मात्रावयवांची ओळ ऐशीं घरांत सहज मावते. लहान भ्रमणध्वनीवर मोठ्या टंकांत ती मध्येंच मोडते आणि वाचकाला खरी ओळ कोठें संपली तें कळत नाहीं. व्हिटमनची लांबलचक ओळ टर्मिनलमध्येंही मोडतेच. तथापि मोडलेला भाग आंत सरकवून मांडला तर कवीचा हेतु रक्षिला जातो. लुई कॅरॉलच्या १८६५ सालच्या ‘अ‍ॅलिस’मध्यें उंदराची कहाणी शेपटीच्या आकारांत छापलेली आहे. टर्मिनलमध्यें प्रत्येक अक्षराचें घर सारखें असल्यामुळें डावीकडे रिकामीं घरें सोडून ती वळणें तंतोतंत साधतां येतात. परंतु मूळ छपाईंत टंक उत्तरोत्तर बारीक होत जातो. तें येथें अशक्य. शेपटीचें वळण राहतें, तिचें निमुळतेपण जातें. स्टर्नच्या ‘ट्रिस्ट्रम शँडी’ची (१७५९-६७) गति याहून वाईट. त्यांतील एक पान सर्वस्वीं काळें आहे, एक अबरीचें आहे, एक कोरें आहे. आणि हीं पानें म्हणजे शोभा नसून कादंबरीकाराचीं वाक्येंच आहेत. टर्मिनलमध्यें त्यांच्या जागीं फार तर ‘येथें काळें पान आहे’ अशी सूचना वाचावयास मिळते, म्हणजे विनोदाऐवजीं विनोदाची नोंद हातीं येते.

तिरप्या टंकाचें प्रकरण या दोहोंच्या मधलें आहे. इंग्रजी संवादांत बोलणाऱ्याचा आघात तिरप्या टंकानें दाखविण्याची चाल आहे. जेन ऑस्टिनच्या पात्रांच्या बोलण्यांतील असे आघात गाळले तर शब्द सर्व राहतात आणि खोंच निघून जाते. गुटेनबर्गच्या साध्या मजकुरांत अशा शब्दाच्या दोन्ही अंगांस खालची रेघ देऊन ही उणीव भरून काढतात. पुढें टर्मिनललाही याहून बरें साधन मिळालें: मजकुराच्या ओघांत एक अदृश्य संकेत ठेवला कीं पुढील शब्द ठसठशीत, अधोरेखित किंवा तिरपे दिसूं लागतात, आणि दुसरा संकेत आला कीं पूर्ववत् होतात. म्हणजे टर्मिनलमधील आजचें वाचन हें विवस्त्र वाचन नव्हेच. जाड टंक, अधोरेषा, रंग, मोकळी जागा एवढ्या मोजक्या अलंकारांचें तें वाचन आहे. आमच्याकडील हस्तलिखित पोथ्यांचें रूप ज्यांनीं पाहिलें असेल त्यांना यांत नवल वाटूं नये. पोथींत शब्दांमध्यें बहुधा अंतर नसे, श्लोक किंवा ओवी वेगळ्या ओळीवर नसे, तिचा शेवट दंडानें कळे. आणि ‘उवाच’, अध्यायसमाप्ति यांसारख्या जागा तांबड्या शाईनें किंवा गेरूच्या हातानें दाखवीत. पद्याची आज आपणांस स्वाभाविक वाटणारी ओळवार मांडणी मराठींत छपाईनें रूढ केली. तेव्हां ग्रंथाचें ‘मूळ’ रूप कोणतें, या प्रश्नाला एकच उत्तर नाहीं. ज्या काळीं जें साधन असेल त्यांतून थोड्या खुणा निवडून शब्दांना वाट करून द्यावयाची, हेंच सर्व काळीं चालत आलें आहे.

येथवर हा पक्ष आम्ही बहुतांशीं मान्य करतों. परंतु त्याचा जो मोठा दावा आहे, कीं साधा मजकूर हा सर्व भाषांचा, सर्व यंत्रांचा आणि सर्व काळाचा समान पाया होय, त्याची परीक्षा इंग्रजी ग्रंथावर होऊं शकत नाहीं. ती मराठी ग्रंथावर करून पाहिली पाहिजे.

टर्मिनलचा पडदा म्हणजे सारख्या घरांचा तक्ता. एका घरांत एक अक्षर, हा त्याचा मूळ करार आहे. रोमन लिपि या करारांत चपखल बसते, कारण करार तिच्याच मापानें झालेला आहे. देवनागरींत मात्र वाचकाचें ‘अक्षर’ आणि यंत्राचें चिन्ह या दोन निरनिराळ्या वस्तु आहेत. १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या यूनिकोड संहितेंत देवनागरीला स्थान मिळालें. तेथें व्यंजनें, स्वरचिन्हें आणि हलन्त-चिन्ह यांना वेगवेगळे क्रमांक आहेत. ‘स्त्री’ हें आपल्या दृष्टीनें एकच अक्षर. संहितेंत तीं सहा चिन्हें: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. आतां या शब्दाला तक्त्यांत घरें किती द्यावयाचीं? हलन्ताला शून्य आणि बाकीच्या प्रत्येकाला एक धरलें तर चार होतात. वेलांटीलाही शून्य धरलें तर तीन. आणि जोडाक्षर जुळवून दाखविलें तर त्याला दोन घरें पुरतात. वाचक-प्रोग्रॅम एक हिशेब धरतो, टर्मिनल दुसरा धरतें, आणि दोघांचा मेळ न बसला म्हणजे शब्दांत खिंडारें पडतात, ओळीचीं टोकें कापलीं जातात, शोधलेला शब्द एका जागीं आणि त्याची खूण दुसऱ्याच जागीं दिसते. ऱ्हस्व वेलांटीची कथा निराळी. ती उच्चारानुसार व्यंजनाच्या नंतर साठविली जाते आणि लिहितांना त्याच्या आधीं यावी लागते. हा उलटापालट करण्याचें ज्ञान ज्या टर्मिनलला नाहीं तेथें ‘किती’, ‘दिवस’, ‘कविता’ असे अगदीं नित्याचे शब्द विरूप होतात.

या अडचणींत लिपीचा दोष काढण्याची आमच्याकडे जुनी संवय आहे. टंकांचीं खोकीं वाढतात म्हणून, टंकलेखनयंत्राच्या कळा पुरत नाहींत म्हणून लिपि-सुधारणेच्या योजना पूर्वीं किती तरी निघाल्या. सावरकरांनीं पुरस्कारिलेली ‘अ’ची बाराखडी हें त्यांतील प्रसिद्ध उदाहरण होय. परंतु मराठी टंकलेखनयंत्र बनविणारांनीं वरच्या मात्रांसाठीं गाडा पुढें न सरकविणाऱ्या कळा बसविल्या, आणि जोडाक्षरांचें काम अर्ध्या अक्षरांवर भागविलें. म्हणजे शून्य रुंदीच्या चिन्हाचा प्रश्न लोखंडांतसुद्धां सुटत होता. संगणकाच्या पडद्यावर तो सुटूं नये असें कांहीं नाहीं. ‘एमएलटर्म’ या बहुभाषी टर्मिनलनें भारतीय लिपींची जुळणी फार पूर्वींच अंगीकारली आहे. आणि २०२३ सालच्या यूनिकोडच्या पंधरा-दशांश-एक या आवृत्तींत देवनागरी जोडाक्षर न तोडतां एकच एकक धरावें असा नियम आला. हें काम अशक्य नसून फार काळ कोणाला निकडीचें वाटलें नाहीं, एवढाच याचा अर्थ.

तेव्हां ‘साधा’ या विशेषणाचा खरा अर्थ येथें उघड होतो. हा मजकूर रोमन लिपीसाठीं साधा आहे. तिच्या अंगाचा मोजून शिवलेला अंगरखा सर्व जगाचें साधें वस्त्र म्हणून वाटण्यांत आला, आणि ज्यांना तो घट्ट झाला त्यांना तुमचें अंगच बेढब असें सांगण्यांत आलें. वस्त्ररहित मजकूर अशी वस्तु कोठेंच नाहीं.

मग मराठी वाचकानें ही पद्धति सोडून द्यावी काय? आमचें मत अगदीं उलट आहे. जी खिडकी मराठी वाचण्यास अद्याप अपुरी आहे, तीच मराठी ग्रंथ पारखण्यास उत्तम कसोटी आहे. आणि आमच्या प्रकाशनव्यवहाराला या कसोटीची फार गरज आहे.

याचें कारण असें. १९९० नंतरच्या दशकांत मराठी छपाई संगणकावर आली तेव्हां यूनिकोड प्रचारांत नव्हता. त्या काळच्या बहुतेक टंकसंचांनीं देवनागरी अक्षरांचे तुकडे रोमन चिन्हांच्या क्रमांकांवर बसविले, आणि प्रत्येकानें आपली व्यवस्था निराळी ठेवली. कागदावर उमटलेलें पान निर्दोष होतें. यंत्राच्या स्मरणांत मात्र तो मराठी मजकूर नव्हताच. असा टंकसंच पोटांत घेऊन तयार झालेलें ‘पीडीएफ’ पुस्तक पडद्यावर सुरेख दिसतें. त्याचा मजकूर काढून टर्मिनलमध्यें मांडा, म्हणजे आरंभापासून अखेरपर्यंत रोमन अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा अर्थशून्य काला समोर येतो. त्यांत शब्द शोधतां येत नाहीं, उच्चारयंत्राला तो वाचतां येत नाहीं, ब्रेल-पट्टीवर तो उमटत नाहीं. यूनिकोडमध्यें जुळविलेलीं पुस्तकेंही ‘पीडीएफ’ झालीं कीं पुष्कळदां त्यांतून काढलेल्या मजकुरांत वेलांट्या जागा सोडतात व जोडाक्षरें फुटतात. कारण त्या स्वरूपाचें मुख्य लक्ष्य अक्षर कागदावर कोठें उमटावें हें आहे, तें कोणतें अक्षर आहे हें तेथें दुय्यम ठरतें. आणि जुन्या ग्रंथांच्या नुसत्या छायाप्रतींत तर मजकूर मुळींच नसतो. ती पानांची चित्रें असतात.

ग्रंथाचें बाह्यरूप आणि आशय यांचा जो वाद आरंभीं सांगितला, त्याचें हें एक विलक्षण रूप आहे. येथें वस्त्र उतरविल्यावर आंत शरीर सांपडत नाहीं. गेल्या तीसएक वर्षांतील मराठी ग्रंथसंपत्तीचा मोठा भाग असा केवळ दर्शनी आहे; आणि तो दर्शनी आहे हें नेहमींच्या सुंदर पडद्यावर कधींच कळावयाचें नाहीं, कारण तेथें सर्व कांहीं यथास्थित दिसतें. १९७१ सालच्या एका अमेरिकन विद्यार्थ्यानें दरिद्री यंत्रावर उतरविलेला मजकूर आज कोणालाही वाचतां येतो, आणि १९९५ सालीं पुण्यामुंबईंत उत्तम यंत्रांवर जुळविलेली कादंबरी जुळणी करणाराच्या टंकसंचाबरोबर मुकी होते, ही तुलना अप्रिय असली तरी करणें भाग आहे.

यावरून निघणारें कर्तव्य अवघड नाहीं. प्रकाशकांनीं ई-पुस्तक काढतांना यूनिकोड मजकुराची ‘ईपब’ आवृत्ति काढावी, आणि तींत शीर्षक, परिच्छेद, पद्य, टीप, उद्धृत यांच्या खुणा अर्थानुसार कराव्यात. शीर्षक नुसतें मोठ्या टंकांत ठेवून भागत नाहीं. तें शीर्षक आहे असें ग्रंथानें यंत्रालाही सांगितलें पाहिजे. जुन्या टंकसंचांत अडकलेले ग्रंथ यूनिकोडमध्यें आणण्याचीं साधनें उपलब्ध आहेत. त्यांतून निघालेला मजकूर मात्र मूळ छापील प्रतीशीं ताडून पाहणारा माणूस हवा, आणि हें काम विद्यापीठांच्या मराठी विभागांनीं व ग्रंथसंग्रहालयांनीं शिरावर घेण्याजोगें आहे. पूर्वीं मुद्रितें तपासल्यावांचून फॉर्म छापावयास जात नसे. आतां शेवटचें मुद्रित टर्मिनलमध्यें तपासावें, अशी आमची सूचना आहे. ग्रंथ तेथें सुंदर दिसतो कीं नाहीं हें पाहावयाचें नाहीं. शब्द शाबूत आहेत कीं नाहींत, पद्याच्या ओळी जागच्या जागीं आहेत कीं नाहींत, टिपा मजकुरांत मिसळल्या तर नाहींत ना, एवढेंच पाहावयाचें.

राहतां राहिला वाचकाच्या सुखाचा प्रश्न. ज्याला कागदाचा स्पर्श व सुबक टंक प्रिय आहे त्यानें टर्मिनलकडे वळलेंच पाहिजे असा आमचा आग्रह नाहीं. स्टर्नचें काळें पान पाहावयाचें असेल त्यानें तर छापील प्रतच घ्यावी. इंग्रजी गद्य वाचणाराला ही खिडकी आजही उत्तम सोबत करील. मराठी वाचकाला तींत तूर्त थोडी ठेंच लागेल, आणि ती लागली म्हणजे दोष लिपीचा न मानतां घरें आंखणाराचा मानावा, एवढी आमची विनंति आहे. पण आपल्या संग्रहांतील एखादें आवडतें मराठी ई-पुस्तक प्रत्येकानें एकदां तरी तेथें उघडून पाहावें. त्यांत मराठी आहे कीं मराठीचें चित्र आहे, हें त्याला तत्काळ समजेल.